एका सेल्फात चालू होणारी गाडी

लातूरला परत यायला बायकोने एकच अट घातली होती. दारात गाडी उभी पाहिजे, आणि ती भल्या पहाटेसुद्धा एका सेल्फात चालू झाली पाहिजे. दागिने नकोत, बंगला नको, काही नको. नायगावला माहेरच्या अंगणात, आपल्या वडिलांसमोर तिने हे सांगितलं तेव्हा सासरे मिशीतल्या मिशीत हसले. जावयाकडे तेव्हा एक सायकल होती, आणि तिच्या चेनला मी वर्षातून एकदा तेल घालत असे.

अट ऐकून आमच्या नातेवाइकांनी तिला शिष्ट ठरवून टाकलं. मी कुणाचाही गैरसमज दूर केला नाही. अटीमागचं कारण सांगायचं तर भूकंपाच्या पहाटे मी काय केलं, तेही सांगावं लागलं असतं.

आता सांगून टाकतो. या वयात अब्रू जाऊन जाऊन जाणार किती! आदल्या दिवशी गणपती विसर्जन करून सगळं लातूर दमून झोपलं होतं. आमच्या लग्नाला वर्ष होत आलेलं, बायकोला सातवा महिना. जमीन हलली, फळीवरचे डबे धडाधड खाली आले आणि मी ताडकन उठून अंगणात पळालो. बाहेर आल्यावर हातात काहीतरी जड आहे असं जाणवलं. बारावीच्या पोरांच्या सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. बायको आतच होती. ती भिंतीला धरत, पोट सांभाळत, दोनेक मिनिटांनी आपली आपण बाहेर आली.

आमच्या घराला दोन भेगा पडल्या, तेवढंच. किल्लारीकडे काय झालं ते कळल्यावर आपल्या दोन भेगांविषयी बोलायची कुणाला हिंमतही झाली नाही. शेजाऱ्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "फाटक उघडायला पुढं पळालो होतो." बायकोने मुकाट मान हलवली. आमच्या फाटकाला कडीच नव्हती, ते वाऱ्यानेसुद्धा उघडायचं. हे तिलाही माहीत होतं आणि शेजाऱ्यांनाही.

बाळंतपणाला ती माहेरी गेली, मुलगी झाली, आणि ती परत आलीच नाही. भांडण नाही, तंटा नाही. भोकरच्या एका शाळेत तिला नोकरी लागली, तिथेच तिने पत्र्याची एक खोली घेतली. "स्लॅबखाली मला डोळा लागत न्हाई," एवढंच सांगितलं.

मी मात्र लातुरात अडकलो. त्याच वर्षांत गावात क्लासेसचं पेव फुटलं होतं. उदगीर, देगलूर, नांदेड, पार इस्लापूरकडूनसुद्धा पोरं ट्रंका घेऊन उतरत होती. पालक क्लास बघायला आले की फळ्याकडे नंतर बघायचे, आधी छताकडे. माझा गणिताचा क्लास पत्र्याच्या शेडमध्ये भरे, कारण स्लॅब टाकायची माझी ऐपत नव्हती. पण भूकंपानंतर तोच माझा मोठेपणा ठरला. "सरांनी पोरांच्या जिवाचा विचार करून पत्रा टाकला," असं पालक एकमेकांना सांगत. मी त्यांनाही दुरुस्त केलं नाही. एप्रिलमध्ये त्या पत्र्याखाली पोरं पापडासारखी भाजून निघत.

माझी ख्याती होती ती दहा प्रश्नांच्या यादीची. परीक्षेच्या आधी मी दहा प्रश्न काढून देई आणि त्यातले सात-आठ हमखास येत. पोरं गणित शिकत नसत, दहा प्रश्न शिकत. हे मला कळत होतं, त्यांना कळत होतं, आणि निकाल बघून कुणी तक्रार करत नव्हतं.

शनिवारी शेवटचा तास संपला की मी नांदेडची एसटी धरायचो, तिथून भोकरची. रविवारी दुपारी परत. मुलगी बोलायला लागली तशी शेजारीपाजारी सांगत सुटली, "लातूरचे बाबा आले!" जणू भोकरचे, नायगावचे असे आणखी दोन-चार बाबा होते. लोक हसायचे, मीही हसायचो. परतीच्या एसटीत मात्र मला रडू यायचं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुलगी पाच वर्षांची होत आली तेव्हा ठरवलं की आता बस्स, गाडी घ्यायची.

नवी गाडी आवाक्याबाहेर होती. म्हणजे जुनी, भरपूर पळालेलीच घ्यावी लागणार. क्लासच्या शेजारी एका मिस्त्रीचं गॅरेज होतं. तीन पिढ्यांचं काम, दाढी पिकलेली, बोटं कायम ऑइलने काळी. त्याच्याकडे वही-पेन घेऊन गेलो.

"सरजी, इंजन किती पळालं ह्येचं टेन्शन घेऊ नका," तो म्हणाला. "येळच्या येळी आईल बदललं, हवेचा फिल्टर साफ ठिवला, रेडिएटरच्या पान्याकडं ध्यान दिलं, तर दोन लाख पळालेलं इंजन बी जवान राहतं. अन् आईलच बदललं न्हाई, तर तीस हजारातच बुड्ढा. मालिक कसा व्हता, त्ये बघा."

मग त्याने गाडी कशी पारखायची ते सांगितलं. इंजिनातली ऑइल मोजायची काडी ओढून ऑइल बोटावर घ्यायचं, त्यात चकाकणारी धातूची कणी दिसली तर उठून घरी यायचं. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण काढायचं, तिथून भकाभका धूर आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या समजायच्या. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग नको. सायलेन्सरमधून निळा धूर नको. मीटर कमी दाखवत असेल तर ब्रेक-क्लचच्या पायपट्ट्यांवरचं रबर किती झिजलंय ते बघायचं. सर्व्हिसिंगची वही मागायची. मी लिहीत गेलो. लिहून झाल्यावर मोजलं तर बरोबर दहा मुद्दे भरले, आणि मला फार समाधान वाटलं.

उठता उठता मिस्त्रीने आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक, जाताना मालकाला कळवायचं नाही. दुसरी, गेल्या गेल्या बोनेटवर हात ठेवायचा. "गार असंल तरच सेल्फ मारा. गरम असंल तर चाय पिऊन वापस या, अन् दुसऱ्या रोजी सकाळी जा." हे काही प्रश्न नव्हते. ही मला परीक्षार्थींसाठी सूचना वाटली, आणि परीक्षार्थींसाठीच्या सूचना कोण वाचतं? वहीत मी त्या लिहिल्याच नाहीत.

नांदेडला माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील पत्र्यांचे व्यापारी होते. त्यांची डिझेल जीप विकायची होती. मीटरवर जेमतेम पस्तीस हजार, एका हाताची गाडी, असं त्यांनी कळवलं. आणि इथे मी जे केलं ते लातूरच्या क्लासवाल्याशिवाय जगात दुसऱ्या कुणाला सुचणार नाही. मी त्यांना पत्र टाकलं. येत्या रविवारी अकरा वाजता येतो, गाडीची खालील दहा बाबतींत तपासणी करीन. खाली दहाच्या दहा बाबी, क्रमवार, सुवाच्य अक्षरात.

असं का केलं, म्हणून पुढे मला पुष्कळांनी विचारलं. काय सांगणार! परीक्षा घ्यायची आणि अभ्यासक्रम आधी द्यायचा नाही, हे माझ्या हाताला जमलंच नाही.

रविवारी गेलो. जीप अंगणात धुऊनपुसून उभी. त्या व्यापारी पालकांनी माझं पत्रच हातात धरलं होतं आणि एकेक मुद्दा वाचून ते स्वतःच दाखवत होते. काडीवरचं ऑइल मधासारखं. रेडिएटरमध्ये पिण्यासारखं पाणी. पायपट्ट्यांवर कोरं रबर. सर्व्हिसिंगची वही तर बघत राहावी अशी, चार वर्षांच्या सगळ्या नोंदी एकाच अक्षरात, एकाच शाईत. नीटनेटकेपणाचं मला मनापासून कौतुक वाटलं. सेल्फ मारला आणि जीप लगेच चालू झाली. ऑइलचं झाकण काढलं तर धुराचा पत्ता नाही.

"बोनेट गरम लागतंय," मी चुकून हात लागला म्हणून म्हणालो.

"नांदेडचं ऊन हाय, सर," ते म्हणाले. एसटी स्टँडपासून पायी आल्यामुळे मी स्वतः घामाने निथळत होतो, त्यामुळे पटलं.

मी जीपला दहापैकी साडेनऊ गुण दिले. हॉर्न बसका होता, त्याचा अर्धा कापला. निघताना पालक म्हणाले, "सर, तुमच्या धा प्रश्नांवर आमचं पोरगं इंजिनेर होऊन राहिलं. मग गाडी कशी नापास होईल?" हे ऐकून कुणीही शहाणा सावध झाला असता. माझी मात्र छाती फुगली.

त्यांचा ड्रायव्हर जीप लातूरला दारात लावून गेला. मी त्याच संध्याकाळी बायकोला पत्र लिहिलं, 'अट पूर्ण.' दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारला. जीपने नुसतं घसा खाकरल्यासारखं केलं. पुन्हा मारला, पुन्हा खाकरली. बॅटरी दमली तेव्हा मी मिस्त्रीला बोलावलं.

त्याने पायाखालचं मॅटिंग उचललं. खाली सिमेंटचा थर बसला होता आणि त्यात पत्र्याचे कातरलेले तुकडे रुतले होते. समोरच्या काचेवर कागद खरवडून काढल्याचा डिंकाचा चौकोन दाखवला. भूकंपानंतर मदतीची कामं चालली तेव्हा गाड्यांच्या काचांवर असे कागद लावलेले असत. दोन वर्षं ही जीप खेड्यापाड्यांत पत्रे, सिमेंट आणि साहेब ओढत होती. कुणीतरी मीटरची केबल काढून ठेवली होती, आणि ऑइल बदलायला कुणाला सवड झाली नव्हती. भूकंपाच्या धास्तीने मी जी गाडी घेतली होती, तिला भूकंपानेच म्हातारं केलं होतं.

"रिंगा गेल्या, बोअर गेला," मिस्त्री म्हणाला. "गाढं आईल टाकून आवाज अन् धुवाँ दाबला, सेल्फ मारायच्या आधी घंटाभर चालवून गरम केली. गार इंजनाला दम न्हाई. धक्का मारला तर व्हईल चालू." मग त्याने माझ्या वहीकडे बघितलं आणि त्याला हसू आवरेना. "सरजी, गाडीला क्लास लावला त्येंनी. तुमच्याच नोट्सवर!"

मला संताप आला, पण करणार काय? यादीबाहेरचा एकही प्रश्न मी विचारला नव्हता. इंजिन खोलायचं तर पुढच्या बॅचची फी येईपर्यंत थांबावं लागणार होतं, आणि बायकोचं पोस्टकार्ड आलं होतं, 'शनिवारी रात्रीच्या गाडीने निघते, रविवारी सकाळी पोचते. बघून मग बदलीचा अर्ज करीन.'

ती गाड्या बघणारी बाई होती, हे सांगायचं राहिलं. सासऱ्यांच्या मळ्यात विहिरीवर तेलाचं इंजिन होतं. लहानपणी त्याचं हँडल मारून हिचे हात घट्ट झालेले. ट्रॅक्टर तर ती लग्नाआधीच चालवत होती. असल्या बाईपुढे जीप उभी करायची होती.

रविवारी सकाळी सहाला मी क्लासची चार पोरं जमवली आणि जीप गल्लीच्या उतारावर ढकलली. चालू झाली. ती दारात आणून उभी केली आणि तशीच दोन तास चालू ठेवली. धुराने शेजारी खोकून खोकून बेजार झाले. साडेआठला रिक्षा वळताना दिसली तेव्हा चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि मी पेपर वाचत ओट्यावर बसलो.

बायको उतरली, एका हाताला मुलगी. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. सरळ जीपकडे गेली आणि बोनेटवर तळहात ठेवला.

"गरम हाय," ती म्हणाली.

"ऊन आहे ना," मी म्हणालो.

ती वर बघायला लागली. डिसेंबरचे दिवस, आणि जीपवर शेजाऱ्यांच्या कडुनिंबाची गच्च सावली.

"ऊन कुठं हाय?"

माझ्या तोंडून नांदेडचे पालक बोलले होते, हे मला त्या क्षणी कळलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. तिने काही आरडाओरडा केला नाही. चपला काढल्या, ओट्यावर बसली आणि म्हणाली, "गार होऊ द्या. मग बघू."

जुनं डिझेल इंजिन गार व्हायला किती वेळ लागतो, हे ज्याने असं बसून बघितलंय त्यालाच विचारावं. मुलगी जीपमध्ये चढून हॉर्न वाजवत होती. मग मीच सगळं सांगितलं, दहा प्रश्न, पत्र, सकाळची चार पोरं. ती ऐकत राहिली. तेवढ्यावर मला थांबता आलं असतं, पण एकदा तोंड उघडल्यावर थांबवेना.

"त्या दिवशी मी फाटक उघडायला पळालो नव्हतो," मी म्हणालो. "मी नुसता पळालो. तुझी आठवणच झाली नाही."

"म्हाईत हाय. फाटकाला कडी न्हवती."

"मग पाच वर्षं बोलली का नाहीस?"

"तुमी सांगायची वाट बघून राहिले व्हते."

दुपारी तिने पुन्हा बोनेटला हात लावला, पदर खोचला आणि स्टिअरिंगवर बसली. सेल्फ मारला. नाही. पुन्हा मारला. नाही. "ढकला," ती म्हणाली. मी एकट्याने ढकलली. उतारावर तिने दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला आणि जीप धडधडत उठली. चौकाला वळसा घालून ती परत आली तेव्हा निर्णय झालेला होता.

"एका सेल्फात न्हाई व्हत, पन उतारावर एका धक्क्यात व्हती," ती म्हणाली. "कुठं बिघाड हाय त्ये म्हाईत असलं म्हंजे मला भेव न्हाई वाटत."

जूनमध्ये तिची बदली झाली. जीप कायम उतारावर, तोंड खाली करून उभी असे, पुढच्या चाकाला वीट. कामंही वाटून दिलेली होती. बायकोने स्टिअरिंगवर बसायचं, मी मुलीला उचलून आत टाकायचं, वीट काढायची आणि ढकलायचं. दर रविवारी याची तालीम व्हायची, गल्ली ओट्यांवर बसून बघायची. जीपची देखभाल बायकोने स्वतःकडे घेतली. ऑइल कधी बदललं, फिल्टर कधी धुतला, पाणी कधी घातलं, सगळं भिंतीवरच्या कॅलेंडरवर. धक्क्याने गाडी चालू करताना काय करायचं, तेही मिस्त्रीने आम्हा दोघांना शिकवलं होतं. गाडी उठली की क्लच दाबायचा आणि रेस धरून ठेवायची, मग उभी केली तरी ती बंद पडत नाही.

वर्षभराने एका रविवारी, जेवणं झाल्यावर, भांडी वाजली. जमीन हलल्यासारखी झाली. फार नाही, पण लातूरकराला तेवढं पुष्कळ होतं. या वेळी मी चुकलो नाही. आधी मुलीला उचललं, मग बायकोचा हात धरायला वळलो, तर बायको जाग्यावर नव्हती. ती कधीच स्टिअरिंगवर जाऊन बसली होती. मुलीला आत टाकलं, वीट काढली, जीव खाऊन ढकललं. जीप उठली, धडधडली, आणि न थांबता गल्लीच्या कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली.

मी बनियन-लुंगीवर, हातात वीट घेऊन गल्लीत उभा. दोन्हीकडच्या ओट्यांवरून सगळी गल्ली माझ्याकडे बघत होती. जमीन केव्हाच शांत झाली होती. आपल्याला टाकून आपलं माणूस निघून जातं तेव्हा काय वाटतं, ते मला त्या दिवशी कळलं. भीतीपेक्षा वाईट काहीतरी होतं ते.

दहा मिनिटांनी जीप गल्लीच्या वरच्या अंगाने आली आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली, इंजिन चालू. मागून मुलगी ओरडली, "लातूरचे बाबा मागं राहिले!"

"थांबवली असती तर बंद पडली असती," बायको समोर बघतच म्हणाली.

आत्ता ती थांबलेलीच होती. रेसवर पाय, क्लच दाबलेला, आणि इंजिन एकसारखं चालू. मी वीट खाली ठेवली आणि मागच्या सीटवर मुलीशेजारी जाऊन बसलो.

बायकोने आरशातून माझ्याकडे बघितलं. "कसं वाटलं?"

"लई वाईट," मी म्हणालो.

"हाव, तसंच वाटतं," ती म्हणाली आणि गिअर टाकला.